घड्याळ चुकले, तर नकाशाही चुकतो
– प्रतिनिधी

रानावनात फिरून केलेल्या नोंदींना मोल येते ते त्या नेमक्या कोठे केल्या हे सांगता आले तरच. मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून अक्षांश-रेखांश लिहून घेणे नेहमीच शक्य नसते. यावर अभ्यासकांनी सोपा मार्ग काढला आहे. नोंद करताना केवळ वेळ लिहायची. जागा मागाहून संगणकावर शोधायची.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचे उदाहरण घेऊ. मुसळधार पावसासाठी ख्यात असलेल्या या घाटमाथ्यावरून ‘आंबोली टोड’ या बेडकासारख्या उभयचराचे २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णन झाले. अशा जीवांचा शोध बहुधा पावसाळी रात्री, विजेरीच्या उजेडात घ्यावा लागतो. वही भिजते, हात चिखलाने माखलेले असतात. अशा वेळी अभ्यासक छायाचित्र टिपतो किंवा ध्वनिमुद्रकावर दोन शब्द बोलतो. त्याच्या पाठपिशवीतील जीपीएस यंत्र मात्र ठरावीक अंतराने स्थान आणि वेळ नोंदवीत राहते. बिंदूंच्या या मालिकेलाच ‘ट्रॅक’ म्हणतात.

दोन बिंदूंमधली जागा

घरी परतल्यावर नकाशाची संगणकप्रणाली नोंदीची वेळ ट्रॅकवरील वेळेशी ताडून पाहते. समजा, एक बिंदू रात्री ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे, दुसरा त्यानंतर ३० सेकंदांचा. आणि छायाचित्र पहिल्या बिंदूनंतर १० सेकंदांनी टिपलेले आहे. मग छायाचित्राची जागा दोन बिंदूंमधील अंतराच्या एकतृतीयांशावर धरली जाते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशाचे संपादन करण्यासाठी वापरली जाणारी ‘जेओएसएम’ ही प्रणाली किंवा ‘एक्झिफटूल’ हे साधन हे काम काही क्षणांत करते.

खरी अडचण असते ती घड्याळांची. ट्रॅकच्या ‘जीपीएक्स’ फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवली जाते. कॅमेऱ्यात आपण भारतीय वेळ लावतो. दोहोंत साडेपाच तासांचा फरक. त्यामुळे रात्रीचे ११.४२ फाइलमध्ये १८.१२ दिसतात. मध्यरात्रीनंतर तर तारीखही बदलते: १५ जूनच्या पहाटे २ वाजता केलेली नोंद ट्रॅकमध्ये १४ जूनच्या २०.३० शी जुळवावी लागते.

ही मोठी चूक मात्र स्वतःच उघडी पडते, कारण नोंदी ट्रॅकवर बसतच नाहीत. घातक ठरते ती लहान चूक. कॅमेऱ्याचे घड्याळ तीन मिनिटे मागे असेल आणि अभ्यासक ताशी तीन किलोमीटर वेगाने चालत असेल, तर नोंद दीडशे मीटर सरकते. सड्यावरील प्राणी नकाशावर शेजारच्या रानात जाऊन बसतो आणि कोणालाही शंका येत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनातून निरीक्षणे केली, तर एका मिनिटाची चूक ६०० मीटरची होते.

एक छायाचित्र घड्याळाचे

उपाय साधा आहे. फेरीच्या आरंभी आणि अखेरीस जीपीएस यंत्राच्या पडद्यावरील वेळेचेच, सेकंद दिसतील असे, छायाचित्र घ्यावे. कॅमेऱ्याने नोंदविलेली वेळ आणि पडद्यावरील वेळ यांतील फरक प्रणालीला सांगितला, की सर्व छायाचित्रे एकदम दुरुस्त होतात. यंत्र सुरू केल्याबरोबर हे छायाचित्र घेऊ नये. उपग्रहांशी संपर्क होऊन वेळ स्थिरावू द्यावी.

तरीही दोन मर्यादा उरतात. दाट झाडीत किंवा खोल दरीत संकेत तुटला, तर प्रणाली दोन दूरच्या बिंदूंमध्ये सरळ रेषा कल्पिते; घाटातील वळणावळणाच्या वाटेवर ती रेषा थेट दरीतून जाते. म्हणून मोठ्या खंडातील नोंदी अनिश्चित म्हणून वेगळ्या ठेवाव्यात. शिवाय मिळणारी जागा निरीक्षकाची असते, प्राण्याची नव्हे. पलीकडच्या कड्यावरील पक्ष्यासाठी दिशा आणि अंदाजे अंतर वेगळे लिहावेच लागते.

मूळ वेळ पुसून न टाकता केलेली दुरुस्ती शेजारी नमूद करणे, हा शेवटचा दंडक. लहानशा टापूत राहणाऱ्या जीवाचा अधिवास कोठवर आहे, हे अशा बिंदूंवरूनच ठरते. उद्या तेथे रस्ता रुंद करायचा की नाही याचा विचार करताना हाच नकाशा पुढे ठेवला जाईल. तेव्हा त्यातील प्रत्येक ठिपक्याच्या वेळेचा हिशेब देता आला पाहिजे.