चुन्याची निवळी

मुलाकडे न्यू जर्सीला गेलो की मला कामे दोनच. पत्रपेटी उघडणे आणि नातीच्या समुद्राची राखण करणे. हा समुद्र दोनशे लिटरचा. काचेच्या टाकीत खारे पाणी, दोन नारिंगी मासे आणि बोटभर उंचीची प्रवाळे. (आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते बरेच आहे.) गेल्या खेपेला मंडळी चार दिवस बाहेरगावी गेली आणि कारभार माझ्याकडे आला.

प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा रचते. त्यामुळे पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, रोज थोडी उतरते. हौशी लोक ती जर्मन अंशांत मोजतात. समुद्रात ती सातच्या आसपास. तूट भरून काढायला वापरतात काय, तर चक्क चुन्याची निवळी! लहानपणी आजी आम्हाला औषध म्हणून पाजायची तीच. मुलाने बजावले होते : वरचे नितळ पाणी, रात्री, थेंबथेंब.

बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला वाटले, भरणा हप्त्याने कशाला? तळच्या साक्यासकट दोन लिटरचा जग मी एकदम ओतला. पाहता पाहता टाकीचे दूध झाले.

सकाळी मोजले, तर साताचे सहा! खात्यात पैसे भरावेत आणि शिल्लक घटावी, असे उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. मुलाने फोनवर उलगडा केला. निवळीने पीएच एकदम चढतो, पाण्यातल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि ते कॅल्शियमला धरून खडू होऊन खाली बसते. कण तयार झाले की त्यांच्यावर आणखी साचते. घातलेले जातेच, मूळचेही घेऊन जाते. एरवी लिटरमागे तेराशेएक मिलिग्रॅम मॅग्नेशियम या स्फटिकांची वाढ अडवून धरते. पण माझ्या जगापुढे त्याचेही चालले नाही.

"बाबा, आता काहीही घालू नका. खिडक्या उघडा." हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की पीएच उतरतो म्हणे. काहीही न करणे मला फार जड गेले. पंप पांढऱ्या थराने घरघरत होता, तो तेवढा काढून व्हिनेगरमध्ये बुडवला, सोड्यासारखा फसफसला. मग टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. रात्री कधीतरी मागची भिंत दिसू लागली.

मासे वाचले. नात आली ती चपला न काढताच टाकीपाशी गेली. एका प्रवाळाचे टोक पांढरे पडले होते.

"आजोबा, याला काय झालं?"

मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि जग उचलून माझा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवायला बापाला दिला.