संहत कलिल निलंबनातील विद्युत् भारित कण
पाण्यात विखुरलेल्या बहुतेक कलिल कणांच्या (सु. १ ते १,००० नॅनोमीटर; १ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) पृष्ठावर विद्युत् भार असतो. हा भार व त्याभोवती जमणारे विरुद्ध भाराचे आयन मिळून विद्युत् दुहेरी थर बनतो. कण अलग राहतील की साकळतील, हे बव्हंशी या थरावर अवलंबून असते. एल. जी. गूई (१९१०) व डी. एल. चॅपमन (१९१३) यांनी त्याचे गणित मांडले. २५° से. तापमानास ०.१ मोलर मिठाच्या विद्रावात थराची जाडी सु. १ नॅनोमीटर, तर ०.०००१ मोलर विद्रावात सु. ३० नॅनोमीटर असते.

विरल निलंबनात प्रत्येक कण अमर्याद द्रवात एकटाच आहे, असे मानता येते. एम. स्मोलुचोव्हस्की यांचे १९०३ सालचे सूत्र या गृहीतावर आधारलेले असून विद्युत् क्षेत्रातील कणाच्या वेगावरून त्याचे झीटा वर्चस् (कणाला चिकटून राहणाऱ्या द्रवाच्या बाह्य सीमेवरील वर्चस्) काढण्यासाठी ते वापरतात. संहत निलंबनात मात्र हे गृहीत टिकत नाही. १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणांनी ४०% घनफळ व्यापले असेल, तर शेजारच्या पृष्ठांत सरासरी ७० नॅनोमीटरच अंतर उरते. ०.०००१ मोलर विद्रावात अशा कणांचे थर एकमेकांत शिरतात व वर्चस् कोठेच शून्य होत नाही.

असंख्य कणांची समीकरणे एकत्र सोडविणे दुष्कर असल्याने कोशिका प्रतिकृती योजतात. एका कणाभोवती द्रवाचे गोलाकार कवच कल्पून कण व कोशिका यांच्या घनफळांचे गुणोत्तर निलंबनातील गुणोत्तराइतके ठेवतात (वरील उदाहरणात कोशिकेची त्रिज्या सु. १३६ नॅनोमीटर). एस. कुवाबारा यांनी १९५९ मध्ये द्रवप्रवाहासाठी वापरलेल्या कोशिकेत एस. लेव्हिन व जी. एच. नील यांनी १९७४ मध्ये विद्युत् क्षेत्राचा समावेश केला.

या युक्तीने सारी अडचण कोशिकेच्या बाह्य सीमेवर येऊन पडते. कारण वगळलेल्या शेजाऱ्यांचा परिणाम तेथील अटीनेच दाखवावा लागतो. लेव्हिन व नील यांनी सीमेवर वर्चसाचा उतार ठरवून दिला, व्ही. एन. शिलोव्ह व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये खुद्द वर्चस् ठरवून दिले. विरल निलंबनात दोहोंची उत्तरे जुळतात, पण संहती वाढते तशी दूर जातात. त्यामुळे एकाच मोजलेल्या वेगावरून दोन झीटा वर्चसे मिळू शकतात व अट न सांगता दिलेल्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

प्रतिकृतीत कण गोल व एकसारखे मानलेले असतात. चिनी मातीच्या राबडीतील केओलिनाचे कण पत्र्यांसारखे असून अम्लीय पाण्यात त्यांच्या कडांवर धन व सपाट पृष्ठांवर ऋण भार असतो. थोडे सोडियम सिलिकेट घातल्यास राबडी पातळ होते, अधिक घातल्यास पुन्हा घट्ट होते. यातील कडा व पृष्ठे यांच्या आकर्षणाचा भाग गोल कोशिकेच्या गणितात येत नाही.