युद्धाचा निर्णय कोण घेतो? संसद की सरकार?

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या तीन अणुकेंद्रांवर बॉम्बहल्ले केले. तिथल्या संविधानाने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिला आहे. राष्ट्राध्यक्षांनी तिची मंजुरी घेतली नव्हती. ‘आपल्या संविधानात असे चालत नाही,’ असे समजणारे आपल्यात बरेच आहेत. हा समज तपासायला हवा.

सुरुवात आपल्याच डोंगरातून करू. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत महायुद्धात उतरल्याचे जाहीर केले. ना केंद्रीय कायदेमंडळाला विचारले, ना प्रांतिक मंत्रिमंडळांना. तेव्हा जव्हार हे मुकण्यांचे संस्थान होते, तर शेजारचे मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. मोखाडा पेटा ‘अंशतः वगळलेल्या क्षेत्रात’ मोडत असल्याने प्रांतिक कायदासुद्धा गव्हर्नरच्या आदेशाशिवाय तिथे लागू होत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात संस्थानी रयतेचा तर प्रतिनिधीच नव्हता. जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे स्वतः हवाई दलात गेले. वारली, कोकणा, कातकरी रयतेला विचारायचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही.

ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई विधानसभेत बाळासाहेब खेर यांनी या प्रकाराबद्दल ठराव मांडला. त्या चर्चेत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब बोलले. देशाच्या नावाने बोलणारे सगळ्यांच्या वतीने बोलतात, हे त्यांनी मान्य केले नाही. देश आणि अस्पृश्य यांच्या हितात विरोध आला, तर आपण अस्पृश्यांच्या बाजूने राहू, असे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले.

आता संविधान पाहू. अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण त्याचा वापर कायद्याने नियमित व्हायचा आहे. शिवाय अनुच्छेद ७४ मुळे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. संघ सूचीत ‘युद्ध व शांतता’ हा विषय आहे, म्हणजे संसद त्यावर कायदा करू शकते. परदेशात सैन्य पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्या, असे सांगणारा कायदा मात्र तिने आजवर केलेला नाही.

आणीबाणीचे तसे नाही. युद्धाच्या कारणाने अनुच्छेद ३५२ लावायचा तर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीपासून मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो आणि महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरीही. पण आणीबाणी न लावताही लढता येते. १९९९ चे कारगिल तसेच लढले गेले.

सर्वांत बोलके उदाहरण श्रीलंकेचे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय शांतिसेना तिथे उतरली. संसदेत आधी मतदान झाले नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० जवान मेले होते. शांततेसाठी गेलेली सेना तमिळ वाघांशी लढत बसली. आधी खुली चर्चा झाली असती, तर निदान किती काळ आणि कशासाठी, हे दोन प्रश्न सरकारला टाळता आले नसते.

यावर उत्तर येते की हल्ला गुप्त ठेवावा लागतो. ते खरेच आहे. ऑपरेशन सिंदूर आधी जाहीर करून झाले नसते. पण ते ७ मे २०२५ ला सुरू झाले आणि संसदेत त्यावर चर्चा सुरू झाली २८ जुलैला. विशेष अधिवेशनाची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. १९६२ मध्ये चीनचे सैन्य देशात असताना नेहरूंनी अधिवेशन लवकर बोलावले होते, मग इथे अडचण काय होती?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी अमेरिकी पद्धत का नको, हे समजावले होते. त्यांच्या मते तिथे कार्यकारी सत्तेला स्थैर्य जास्त, आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त. कारण इथे प्रश्न, ठराव आणि अविश्वास प्रस्तावातून सरकारची रोज झडती होते. संसद बसलेलीच नसेल तर ही झडती घेणार कोण?

अमेरिकेत निदान १९७३ चा कायदा आहे. सैन्य लढाईत उतरवल्यावर राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि परवानगी न मिळाल्यास ६० दिवसांत कारवाई आवरायची. तो वारंवार धाब्यावर बसवला जातो, पण मोडला हे दाखवायला कायदा तरी आहे.

जव्हार आणि मोखाडा हे तालुके विक्रमगड विधानसभा आणि पालघर लोकसभा मतदारसंघात येतात. दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. १९३९ ला नव्हता तो खासदार आज आपल्याकडे आहे. परदेशी लष्करी कारवाईनंतर ठरावीक दिवसांत संसद बोलावणे बंधनकारक करणारे खासगी विधेयक कोणताही खासदार मांडू शकतो. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात. तरी निवेदन द्यायला पुढचे अधिवेशन ही योग्य वेळ आहे.