चित्राखाली एक अक्षर नाही

बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी. तिच्या साडीवर उंदीर छापलेले, त्याच्या बुशशर्टवर मांजरं. १९५२ सालच्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एवढंच होतं. चित्राखाली एक अक्षर नाही. तोवर मुखपृष्ठ म्हटलं की दलाल-मुळगावकरांच्या कुंचल्यातली देखणी स्त्री, असा वाचकांचा डोळा सरावलेला. तिथे थेट व्यंगचित्र, तेही रंगीत आणि मुकं!

ते काढणारे शि. द. फडणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. जन्म २९ जुलै १९२५, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. शाळा कोल्हापुरात, पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचं शिक्षण. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ या तिन्ही मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांच्यातला व्यंगचित्रकार ओळखला आणि मुखपृष्ठ त्यांच्या हवाली केलं. ही जोडी जमली नसती तर मराठी दिवाळी अंकाचा चेहरा वेगळा झाला असता, असं मला ठामपणे वाटतं.

फडणिसांचं चित्र हसवतं कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे. राजकीय व्यंगचित्राला त्या दिवसाची बातमी लागते. बातमी शिळी झाली की चित्रही समजावून सांगावं लागतं. फडणिसांनी नेते आणि निवडणुका बाजूला ठेवल्या आणि घर, रस्ता, दुकान, कपडे असं रोजचं जगणं घेतलं. रेषा स्वच्छ, रंग सपाट आणि प्रसन्न, माणसं साधी, गंभीर चेहऱ्याची. चित्रातलं कुणी स्वतः हसत नाही. एकच गोष्ट जागा सोडून बसलेली असते आणि ती शोधायचं काम आपल्यावर सोपवलेलं असतं. ती सापडते त्या क्षणी हसू फुटतं. वाक्य नसल्यामुळे हे चित्र मराठी न येणाऱ्यालाही कळतं, आणि कुणाला टोचत नाही. न टोचता हसवणं हे कमी प्रतीचं काम, असा समज आपल्याकडे आहे. तो मला मुळीच पटत नाही. उपहासाला समोर एक शत्रू असतो, त्याच्या बळावर चित्र उभं राहतं. इथे फक्त कल्पना आणि रेषा.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’तली चित्रंही त्यांचीच. १९६५ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत ‘हसरी गॅलरी’ भरली आणि मासिकाच्या पानातलं व्यंगचित्र कलादालनाच्या भिंतीवर सन्मानानं गेलं.

माझ्या लेखी मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम भिंतीवर नाही, दप्तरात आहे. १९७० च्या दशकात बालभारतीच्या प्राथमिक वर्गांच्या गणिताच्या पुस्तकांत फडणिसांची चित्रं आली. आमच्या वर्धा जिल्ह्यात आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत किती घरांत दिवाळी अंक येत असेल? पाठ्यपुस्तक मात्र जिल्हा परिषदेच्या शेवटच्या शाळेतही पोचायचं. ज्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही, त्याला बेरीज-वजाबाकी समजावायला शब्दांविना बोलणाऱ्या चित्रकारापेक्षा योग्य माणूस कोण? पुस्तक उघडल्यावर आधी गंमत दिसायची, मग आकडे. गणिताच्या धास्तीवर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

वर्ध्याच्या माणसाला हे जवळचं वाटावं, याला कारण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद इथेच भरली होती, आणि सेवाग्रामच्या नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या, शाळेत मुलं सुताच्या तारा मोजता मोजता हिशेब शिकत. तिथे हातानं शिकणं, फडणिसांच्या पुस्तकांत डोळ्यानं. दोन्हीकडे आकडा वस्तूतून येतो, पाठांतरातून नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये फडणिसांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. ‘मोहिनी’, ‘हंस’चे जुने दिवाळी अंक संग्राहकांकडे आणि मोठ्या ग्रंथालयांत सापडतील. गणिताच्या त्या पुस्तकांना असा वाली नाही. अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक रद्दीत जातं. गावातल्या जुन्या शाळेच्या कपाटात अशी एखादी प्रत असेल, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. तालुक्याच्या ग्रंथालयात जमा करा, आणि शक्य असेल तर पानं स्कॅन करून ठेवा.