वाघिणीचें बिऱ्हाड

मांजर व्यालें कीं पिलांना सात घरें दाखवितें, अशी महाराष्ट्रांत घरोघर समजूत आहे. सात हाच आंकडा कां, हा प्रश्न सोडला तरी त्यामागील निरीक्षण खरें आहे. माळ्यावरून कोठींत, कोठींतून शेजाऱ्याच्या पडवींत, अशीं पिलें मानगुटीस धरून मांजर हलवीत असतें. घरच्या मंडळींना ज्या धांदलीचें कौतुक वाटतें, तीच धांदल त्याच कुळांतील वाघिणीच्या बाबतींत मात्र जीवनमरणाची असते.

रानांतील हा संसार माणसाच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं, कारण त्याची चाहूल लागली तर वाघीण बिऱ्हाडच हलविते. २००८ सालीं बी.बी.सी.ने दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या 'टायगर : स्पाय इन द जंगल' या तीन भागांच्या चित्रपटांत ही अडचण मोठ्या युक्तीनें दूर केलेली आहे. जॉन डाउनर यांनीं मध्यप्रदेशांतील पेंचच्या जंगलांत शिकविलेल्या हत्तींच्या सोंडेंत कॅमेरे दिले व कांहीं त्यांच्या सुळ्यांवर बसविले. गस्तीचे हत्ती तेथील वाघांच्या नित्य पाहण्यांतले. त्यामुळें हत्ती जवळ येऊन उभा राहिला तरी वाघीण फारशी बिचकत नाहीं. अशा रीतीनें एका वाघिणीच्या चार पिलांचें बालपण, डेव्हिड ॲटनबरो यांच्या निवेदनासह, लोकांना घरबसल्या पाहावयास मिळालें.

वाघिणीचा गर्भकाळ सुमारें साडेतीन महिन्यांचा असतो. पिलूं जन्मतें तेव्हां अंधळें असतें आणि त्याचें वजन सुमारें एक किलो भरतें. डोळे उघडावयास एक ते दोन आठवडे लागतात. पिलें वाढविण्याचा सर्व भार आईवरच असतो. उलट, बाहेरून आलेला एखादा नवा नर पिलांना मारून टाकील ही भीति असते. कारण पिलें नाहींशीं झालीं म्हणजे वाघीण पुन्हां लवकर माजावर येते. इकडे आईला दूध उतरावयाचें तर तिचें पोट भरलें पाहिजे, आणि पोट भरावयाचें तर पिलांना एकटें टाकून शिकारीस गेलें पाहिजे. हा पेंच ती दोन उपायांनीं सोडविते. पिलांना चाटून ती स्वच्छ ठेविते व त्यांची घाणही स्वतःच नाहींशी करिते, म्हणजे वासावरून वैऱ्याला माग लागूं नये. आणि जागा धोक्याची वाटली कीं एकेक पिलूं तोंडांत धरून दुसरीकडे नेते. मानेची कातडी धरतांच पिलूं आपोआप अंग सैल सोडतें. सांबर लोळविणारे ते सुळे त्याला ओरखडाही काढीत नाहींत.

सुमारें दोन महिन्यांनीं पिलें मांसाला तोंड लावूं लागतात. पांचसहा महिन्यांत दूध सुटतें. पुढें आईच्या मागून हिंडत, चुकत, सावज दवडीत शिकारीचें शिक्षण चालतें. दीड ते दोन वर्षांत तें पुरें होतें, आणि मग ज्या आईनें प्राणापलीकडे जपलें तीच त्यांना जवळ येऊं देईनाशी होते. प्रेक्षकाला हें निष्ठुरपणाचें वाटतें. परंतु एका वाघिणीच्या मुलखांत जें सावज असतें, त्यावर चार जाणते वाघ आणि शिवाय नवीं पिलें पोसत नाहींत. दूर लोटणें हाही संगोपनाचाच शेवटचा भाग होय. माद्या बहुधा आईच्या शेजारीं, प्रसंगीं तिच्याच मुलखाचा कोपरा घेऊन राहतात; नरांना मात्र लांब जावें लागतें.

चित्रपटांतील त्या चार पिलांपैकीं एक मादी पुढें गळ्यांतील रेडिओच्या पट्ट्यामुळें 'कॉलरवाली' या नांवानें प्रसिद्धीस आली. २००८ सालीं तिला पहिल्या वेतास झालेलीं तिन्ही पिलें दगावलीं. त्यानंतर मात्र तिचा हात धरील अशी वाघीण विरळा. एकंदर आठ वेतांत तिला २९ पिलें झालीं आणि त्यांपैकीं २५ जगलीं. वयाचीं सोळा वर्षें उलटल्यावर १५ जानेवारी २०२२ रोजीं ती मरण पावली, तेव्हां तिच्या चितेस गांवांतील एका आदिवासी बाईनें अग्नि दिला.

पंचवीस पिलें जगलीं याचा आनंद खराच. पण पंचवीस वाघांना राहावयास मुलूखही हवा. पेंचचें रान दक्षिणेस नागपूर जिल्ह्यांत शिरतें, आणि नागपूर-सिवनी राजमार्ग त्यास चिरीत जातो. हा रस्ता रुंद करतांना महाराष्ट्राच्या हद्दींत नऊ ठिकाणीं पूल बांधून खालून जनावरांसाठीं वाट मोकळी ठेवण्यांत आली. त्यांतील सर्वांत मोठी वाट सुमारें ७५० मीटर रुंद आहे. २०१९ सालीं तेथें लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघही त्या वाटेनें जातांना टिपले गेले.

आपल्या हद्दीपुरतें पिलांना कसें जपावें हें वाघिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. हद्दीपलीकडची वाट मात्र तिच्या स्वाधीन नाहीं. एक रान दुसऱ्यापासून तोडलें गेलें, तर मोठीं झालेलीं पिलें एकमेकांशीं झुंजतील किंवा गांवांत शिरतील, आणि त्यांत वाघ व माणूस दोघांचीही हानि होईल. ती वाट मोकळी ठेवणें माणसाच्या हातचें आहे.