गाय उलटते तेव्हा

किल्लारी म्हटले की महाराष्ट्राला 30 सप्टेंबर 1993ची पहाट आठवते. पण भूकंपाने जगाला हे नाव कळण्याच्या कितीतरी आधीपासून औसा, निलंगा, उमरग्याचा हा पट्टा जनावरांचा मुलूख आहे. लातूर जिल्ह्यातल्या देवणीने एका गोवंशाला नाव दिले, नांदेडच्या कंधारने लाल कंधारीला आणि शेजारच्या उस्मानाबादने, म्हणजे आताच्या धाराशिवने, काळ्या उस्मानाबादी शेळीला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत खोंडाची चाल, शिंगे, वशिंड पाहून सौदा होतो. गायीच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न एकच असतो: कितव्या वेताची, आणि गाभण आहे की भाकड?

या प्रश्नामागे कष्टकरी घराचे सगळे अर्थकारण उभे आहे. गाय व्याली तरच दूध, कालवड, खोंड आणि त्यांच्या जोरावर घराचा खर्च. रेतन करूनही गाय तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली, की ‘गाय उलटली’ म्हणतात. असे तीन-चार वेळा झाले की तिच्यावर भाकड म्हणून शिक्का बसतो आणि ती बाजाराच्या वाटेला लागते. प्रजननशास्त्र सांगते की हा शिक्का फार घाईने मारला जातो. उलटण्याची कारणे शोधता येतात, आणि त्या शोधाचा पहिला पुरावा गोठ्यातच असतो.

एकवीस दिवसांत काय घडते?

गायीचे ऋतुचक्र साधारण 21 दिवसांचे. 18 ते 24 दिवसांपर्यंत मागेपुढे होते. माजाच्या वेळी बीजांडकोशातला एक फोड पूर्ण वाढलेला असतो. माज संपल्यावर दहा-बारा तासांनी तो फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते. गर्भाशय गर्भधारणेसाठी तयार ठेवण्याचे आणि पुढचा माज रोखून धरण्याचे काम हे संप्रेरक करते.

सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास निर्णयाची घडी येते. गर्भाशयात भ्रूण नसेल तर गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन स्रवते, पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. भ्रूण असेल तर त्याला आपले अस्तित्व आईला वेळेत कळवावे लागते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस काही मिलिमीटरचा असलेला हा जीव अवघ्या तीन-चार दिवसांत दोऱ्यासारखा लांबतो आणि इंटरफेरॉन-टाऊ नावाचे प्रथिन सोडतो. ते प्रथिन प्रोस्टाग्लँडिनला अटकाव करते, पीतपिंड टिकतो आणि गाय गाभण राहते. रवंथ करणाऱ्या जनावरांतला हा संकेत 1980च्या दशकात मेंढ्या आणि गायींवरील संशोधनातून उलगडला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. उलटलेल्या गायीत फलन झालेच नाही, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात निरोगी गायीत योग्य वेळी रेतन केले तर फलन बहुतेक वेळा होते. खरी गळती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भ्रूण दगावल्याने होते. म्हणून गाय कितव्या दिवशी उलटली याला महत्त्व आहे. ती 18 ते 24 दिवसांत परतली तर फलन झाले नसेल किंवा भ्रूण संकेत देण्याआधीच गेला असेल. ती 25 ते 40 दिवसांनी परतली तर गर्भ राहून नंतर गेल्याची शक्यता वाढते, किंवा मधला एक माज नजरेतून सुटलेला असतो. दोन्हींची तपासणी आणि उपचार वेगळे. तारीखच लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.

माज चुकतो कुठे?

देशी गायीचा माज संकरित गायीपेक्षा कमी वेळ टिकतो, बऱ्याचदा दहा-बारा तासच, आणि पुष्कळदा तो रात्री येतो. संध्याकाळी धार काढून दावणीला बांधलेली देवणी किंवा लाल कंधारी पहाटेपर्यंत माजातून बाहेरही पडलेली असू शकते. म्हशीची गोष्ट आणखी अवघड. तिच्यात मुका माज जास्त, आणि काळी कातडी व मोजक्या घामग्रंथी यांमुळे उन्हाळ्यात तिचे चक्रच मंदावते.

खात्रीची खूण एकच: दुसरे जनावर अंगावर चढले असता गाय स्थिर उभी राहते. जोडीला काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा बळस, हंबरणे, वैरणीवरून लक्ष उडणे, सुजलेला योनिमार्ग. बळस गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर गर्भाशयात संसर्ग आहे. अशा वेळी रेतन न करता उपचार घ्यावेत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा जुना नियम स्त्रीबीज सुटण्याच्या वेळेशी जुळणारा आहे. देशी गायीचा माज छोटा, म्हणून तिच्या बाबतीत उशीर अधिक महागात पडतो.

पाव मिलिलिटरची कांडी

भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात 1939 साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाली. वीर्य गोठवून टिकवण्याची किल्ली 1949मध्ये इंग्लंडमध्ये सापडली: ग्लिसरॉल मिसळले की शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात. महाराष्ट्रात हे तंत्र दारोदार पोचवण्यात मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळी कांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’चा वाटा मोठा आहे.

पाव मिलिलिटरच्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात आणि ती उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहते. बाहेर काढल्यावर ती 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवलेल्या कांडीतले बरेच शुक्राणू गोठ्यातच मरतात. म्हणून रेतनाच्या वेळी कोमट पाणी आणि तापमापक आहे का, हे विचारायला गोपालकाने संकोचू नये.

आता लिंगनिर्धारित रेतमात्राही मिळतात. कालवड देणाऱ्या शुक्राणूत खोंड देणाऱ्यापेक्षा सुमारे पावणेचार टक्के अधिक डीएनए असतो. त्या फरकावर यंत्र त्यांची निवड करते आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी मिळतात. या कांडीत शुक्राणू मात्र फार कमी असतात. त्यामुळे माजाची वेळ चुकली तर पैसे वाया. निरोगी, नियमित चक्राच्या जनावरातच ती वापरावी.

वैरणीतले उत्तर

लातूरच्या शिवारात सोयाबीन वाढले, ज्वारी घटली आणि कडबा महागला. दावणीला भुसकट आणि उसाचे वाढे आले. वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि वाळक्या वैरणीत फॉस्फरस, तांबे, जस्त अपुरे पडते. व्यायल्यानंतर दुधाला लागणारी ऊर्जा खुराकातून भागली नाही की गायीचे शरीर आधी प्रजननाला कात्री लावते. अशा गायीला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन माज आणता येईल, पण भ्रूण टिकेलच असे नाही. क्षार मिश्रण, मूठभर पेंड, थोडी हिरवी वैरण आणि वेळेवर जंतनाशक यांनी कितीतरी ‘भाकड’ गायी पुन्हा फळतात.

गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाय गाभडली तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. वार उघड्या हाताने काढू नये. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचली की त्यांना आयुष्यभर संरक्षण मिळते.

प्रयोगशाळा आणि गोठा

परभणीच्या कृषी विद्यापीठात देवणी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘होलदेव’ घडवण्यात आली. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत या भागातल्या जनावरांच्या वंध्यत्वाचा अभ्यास होतो. प्रयोगशाळेत फलन घडवून उत्तम गायीचे भ्रूण दुसऱ्या गायीत वाढवण्याचे तंत्रही राज्यात आले आहे. देवणी आणि लाल कंधारीसारखे ऊन, टंचाई आणि कडब्यावर तगणारे वंश झपाट्याने वाढवायचे तर त्याचा उपयोग होईल. पण यातले कोणतेही तंत्र माज न ओळखता आणि पोट न भरता चालत नाही.

म्हणून गोपालकांना विनंती इतकीच: गोठ्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगा. माज, रेतन, उलटणे, विणे, प्रत्येकाची तारीख लिहा. रेतनानंतर 18 ते 24 दिवस गायीवर पहाटे आणि रात्री नजर ठेवा, आणि माज दिसला नाही तरी दोन-तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्या. तीन वेळा उलटली तर चौथी कांडी भरण्याआधी पशुवैद्यकाकडून गायीची तपासणी करून घ्या. त्या तारखा डॉक्टरांपुढे ठेवा आणि मगच तिला बाजार दाखवायचा की नाही ते ठरवा.