साडेचार चटयांची खोली

जपानी मनुष्य खोलीचे माप फुटांत सांगत नाही; तो चटया मोजतो. ही सहा चटयांची खोली, ती साडेचार चटयांची. ही चटई म्हणजे तातामी: सुमारे 6 फूट लांब, 3 फूट रुंद, पोटात घट्ट दाबलेला भाताचा पेंढा व वर लव्हाळ्याचे विणकाम. साडेचार चटयांत लहानसे बिऱ्हाड दिवसा बसते, जेवते, आणि रात्री भिंतीतील कपाटातून गाद्या काढून तेथेच निजते.

क्योतो शहरातील व्यापारी व कारागीर ह्यांची जुनी लाकडी घरे, ज्यांना माचिया म्हणतात, ती ह्याच मापाची. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब. म्हणून तेथील लोक त्यांना विनोदाने वाम माशाचे अंथरूण म्हणतात. मध्ये एवढेसे अंगण असते. उजेड व वारा तेथूनच येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या घरांवर नव्या काळाचा मुलामा चढला. उंच छताखाली खोटे छत बसले, मातीच्या भिंती पातळ फळ्यांनी झाकल्या. आज असे घर जुन्या वळणावर आणावयाचे, तर सुतार प्रथम काही जोडीत नाही. तो काढू लागतो. खोटे छत उतरले की चुलीच्या धुराने काळ्याभोर झालेल्या तुळया दिसतात. खांबाचा बुंधा कुजला असेल तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड खाचेत बसवितात. खांब तोच राहतो. बांबूच्या जाळीवर पेंढा कालविलेली माती पुन्हा लिंपतात. उन्हाळा आला की कागदी सरकती दारे काढून बोरूच्या काड्यांची दारे लावतात, आणि तेच घर हवेशीर होते. हिवाळ्यात मात्र ही घरे फार थंड. ते लपविण्यात अर्थ नाही.

मग एवढी खटपट कशासाठी? 1950 सालच्या इमारत कायद्यानंतर असे घर जुन्या रीतीने नव्याने उभारणे दुष्कर झाले. पाडलेले घर परत येत नाही. शहराच्या पाहणीत 2009 च्या सुमारास अशी सुमारे 48 हजार घरे होती; 2016 मध्ये सुमारे 40 हजार उरली. 2017 साली त्यांच्या रक्षणासाठी शहराने नियम केला.

हे वाचताना मला आपले बेट आठवले. 1960 च्या कॅरोल वादळाने आपल्या वाडवडिलांच्या झोपड्या उडविल्या, आणि सिमेंटचे घर म्हणजे निर्धास्त झोप, हे आपण शिकलो. ते चूक नव्हते. पण पेंढा, बांबू व माती ह्यांची विद्या जाणणारा एकही हात माझ्या घराण्यात उरलेला नाही. आजी शेणाने सारवलेल्या जमिनीची गोष्ट सांगे, तेव्हा मी नुसते ऐकत असे. किती दिवसांनी सारवीत, हे विचारावयाचे राहून गेले.